वार्ता पोचली, पुढे काय?

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ साली पुस्तकरूपाने आली. त्या धनगरवस्तीत बाहेरचे जग शिरते ते पुष्कळसे एका तरुण मास्तराच्या पायांनी. मी स्वतः मास्तरकी करतो, म्हणून मला हे विशेष जाणवते. तो मास्तर नुसता अक्षरे गिरवून घेणारा नव्हे. वाडीची तो खिडकी आहे.

आज ती खिडकी घरोघर झाली. तारसेवा जुलै २०१३ मध्ये संपली. एसटीडीचे बूथ त्याआधीच ओस पडू लागले होते आणि त्यांवर पोट भरणारी माणसे दुसरा धंदा शोधीत निघाली होती. आपल्या ग्रामीण कादंबरीने याची काय दखल घेतली? बहुधा एवढीच, की पात्राच्या खिशात मोबाइल घातला. तो एक तर खेळणे, नाहीतर पोरे बिघडवणारा खलनायक. माझा आक्षेप आहे तो इथे. वार्ता पोचल्यावर माणसाच्या हाती काय उरते, हा खरा प्रश्न. आणि त्याला आमची लेखणी शिवतच नाही.

१९९७ ते २००१ या काळात उत्तर केरळच्या किनाऱ्यावर मोबाइल आला. त्याचा अभ्यास रॉबर्ट जेन्सन यांनी २००७ साली प्रसिद्ध केला. तारली पकडणारा कोळी समुद्रातूनच भाव विचारू लागला आणि जिथे गिऱ्हाईक, तिथे होडी वळवू लागला. मासळी फुकट जाण्याचे थांबले, कोळ्याचा नफा वाढला, गिऱ्हाइकालाही ती स्वस्त पडली. का? वार्ता आली तेव्हा होडी अजून वळवता येत होती म्हणून.

आमच्या ओझरच्या शेतकऱ्याला पिंपळगाव बसवंतचा नि लासलगावचा भाव घरबसल्या कळतो. पण टोमॅटो एकदा खुडून जाळ्यांत भरला की तो थांबत नाही. उन्हाळ कांदा चाळीत थांबतो. पण कर्जाचा हप्ता थांबत नाही. ज्याला थांबता येते, त्याच्याच कामी भाव येतो. बाकीच्यांना आपण किती बुडालो, एवढे मात्र लवकर कळते.

थांबण्याचे बळ एकट्याला येत नसते. वाघाड धरणाच्या पाण्यासाठी याच ओझरच्या शेतकऱ्यांनी १९९० च्या सुमारास पाणीवापर संस्था उभ्या केल्या, तेव्हा कुणाच्याही खिशात मोबाइल नव्हता. पाण्याची पाळी ठरली ती माणसे एकत्र बसली म्हणून, भांडली म्हणून, आणि भांडूनही उठून गेली नाहीत म्हणून.

वाचकहो, ही बैठक आता मोडते आहे की नव्या रूपाने भरते आहे? एकाच गटावर शंभर माणसे भाव वाचतात आणि शंभर ट्रॅक्टर निरनिराळे निघतात, यात एक अख्खी कादंबरी दडलेली आहे. ती लिहायला यंत्राचे ज्ञान फारसे लागणार नाही. बाजारात पहाटे जाऊन उभे राहावे लागेल, एवढेच.