कुणाकडे उतरलात?

बनारसला जायचं ठरलं की फोनवर पहिला शोध घेतला जातो तो ‘राहायचं कुठे?’ याचा. त्यावर मिळणारे डझनभर लेख मी सलग वाचले आणि वाटलं, हा एक स्वतंत्र लेखनप्रकारच आहे. मग त्याची समीक्षाही व्हायला हवी.

या प्रकारात बनारसचे तीनच तुकडे असतात. दशाश्वमेध : आरती आणि विश्वनाथाचं देऊळ जवळ, पण गर्दी. अस्सी : दक्षिणेकडचा निवांत घाट, कॅफे, बीएचयू जवळ. कॅन्टोन्मेंट : रुंद रस्ते, दारापर्यंत गाडी, पण गंगा लांब. यातलं काहीच खोटं नाही. बरोबर गुडघेदुखीवाले आईवडील असतील, तर कॅन्टोन्मेंटच घ्या, असं मीही सांगेन. अडचण मोजपट्टीची आहे. प्रत्येक मोहल्ला ‘अमुकपासून चालत इतकी मिनिटं’ एवढाच उरतो. मी ॲप बनवतो, त्यामुळे हे ओळखीचं वाटतं : जे मोजता येतं त्याचाच फिल्टर बनतो, आणि ज्याचा फिल्टर नाही ते नसल्यात जमा.

ही मोजपट्टी स्वतःच्या कामातही कमी पडते. ‘घाटाघाटाने चालत जा’ हा सल्ला हमखास असतो. पण पावसाळ्यात गंगा चढली की पायऱ्या बुडतात, घाटांना जोडणारी वाट बंद होते, नावा थांबतात, मणिकर्णिकेवरचं दहनसुद्धा वर गच्चीवर न्यावं लागतं. तेव्हा ती मिनिटं गल्लीबोळांतून नव्याने मोजावी लागतात.

मराठीतला जुना प्रश्न वेगळा होता : ‘कुणाकडे उतरलात?’ १८५७ मध्ये वरसईहून उत्तरेला निघालेल्या विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’मध्ये मुक्कामाची सोय ओळखीपाळखीतून होते. काशीत मराठी यात्रेकरूची ओळख म्हणजे तीर्थोपाध्याय, आणि मराठी वस्तीचा भाग म्हणजे दुर्गा घाट, ब्रह्मा घाटाचा परिसर. मात्र या प्रश्नाच्या प्रेमात पडण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी : ते दार जात पाहून उघडायचं. पैसे भरले की खोली मिळते, हे आजचं स्वातंत्र्य मला गमवायचं नाही.

तरी त्या प्रश्नात एक जाण होती, ती म्हणजे आपण कुणाच्या तरी घरात, कुणाच्या तरी शेजारात राहणार आहोत. १३ डिसेंबर २०२१ रोजी विश्वनाथ कॉरिडॉरचं उद्घाटन झालं. त्यासाठी ३०० हून अधिक मालमत्ता घेतल्या गेल्या. सुमारे १,४०० दुकानदार, भाडेकरू आणि घरमालकांचं पुनर्वसन केल्याचं सरकार सांगतं. मी वाचलेल्या लेखांत हा सगळा बदल ‘आता दर्शन सोपं झालं’ एवढ्यावर आटोपतो. दर्शन सोपं झालंय हे खरंच. पण मिनिटांत मोजणाऱ्या लेखनाला घरं गेलेली दिसतच नाहीत. उलट अंतर कमी झालं म्हणून तो मोहल्ला त्याच्या यादीत वर चढतो. माझा खरा आक्षेप इथे आहे.

म्हणून खोली बुक करण्याआधी फोन करून मी दोन प्रश्न विचारतो. घरमालक त्याच इमारतीत राहतात का? आणि रात्री दहानंतर त्या गल्लीत पाहुण्यांखेरीज कोण असतं? उत्तर नीट मिळालं, तर आरतीपासून थोडी लांब, पंचगंगा घाटाकडची खोली घ्यायला माझी हरकत नसते.