स्वप्नातला मोती : हेलन केलर यांच्या स्वप्नकथनाचा विचार

हेलन केलर यांचे नाव निघाले की वाचकाला त्यांचे १९०३ सालचे आत्मचरित्र आठवते. १९०८ साली प्रसिद्ध झालेला 'द वर्ल्ड आय लिव्ह इन' हा निबंधसंग्रह त्या मानाने मागे पडला. वाङ्मयदृष्ट्या अधिक अवघड प्रश्न मात्र तोच उभा करतो, आणि तो त्यातील स्वप्नविषयक प्रकरणांमुळे. वयाच्या एकोणिसाव्या महिन्यात दृष्टी आणि श्रवण दोन्ही गमावलेली ही लेखिका स्वप्नात हाती आलेल्या एका मोत्याच्या झळाळत्या खोलीचे वर्णन करते. हा अनुभव मानावयाचा की उसना शब्द?

शास्त्राचा कौल लेखिकेच्या बाजूचा नाही. पाचव्या वर्षापूर्वी अंध झालेल्यांच्या स्वप्नांत दृश्ये नसतात, सातव्या वर्षानंतर अंध झालेल्यांच्या स्वप्नांत ती बहुधा टिकतात, असा निष्कर्ष जोसेफ जास्ट्रो यांनी १८८८ मध्ये मांडला. पुढील संशोधनाने तो बव्हंशी उचलून धरला. टॉमस कट्सफोर्थ हे मानसशास्त्रज्ञ स्वतः अकराव्या वर्षी अंध झालेले. अंध मुलांना डोळसांची भाषा पढविली जाते आणि त्यांचा स्वतःचा अनुभव मुका राहतो, हा त्यांच्या १९३३ सालच्या ग्रंथातील आक्षेप. केलरबाईंचे लेखन त्यांना याचेच उदाहरण वाटले.

आक्षेप निराधार नाही. याच प्रकरणांत केळ्यांच्या वासाचे एक स्वप्न आहे. तो वास इतका खरा, की सकाळी कपडे करण्यापूर्वीच त्या केळी शोधावयास गेल्या; केळी नव्हतीच. दुसऱ्या एका स्वप्नात निश्चल, अंधाऱ्या खोलीत काहीतरी जड कोसळते. आवाज नाही, केवळ पायांखालची जमीन हादरते. ऐकू येणाऱ्या लेखकाला हा निःशब्द आघात सहजी सुचणार नाही. या प्रसंगांपुढे मोत्याचे वर्णन अलंकारिक वाटते, यात शंका नाही.

तरीही ते खोटे ठरत नाही. खऱ्या मोत्याची दृश्य-स्मृती आपल्यापाशी नाही, तो कल्पनेनेच घडविला असावा, अशी कबुली लेखिका स्वतःच देते. शिवाय वर्णनाचा क्रम पाहावा : प्रथम गुळगुळीतपणा आणि घडण, म्हणजे बोटांना ठाऊक असलेले गुण, झळाळी त्यानंतर. उसना शब्द स्वतःच्या स्पर्शावर बसविलेला आहे. मराठी वाचकाने तरी येथे अडखळू नये. आपण चव घेऊन पाहतो, हात लावून पाहतो, वास घेऊन पाहतो. स्वप्न तर आपल्याला 'पडते', त्यासाठी डोळा लागत नाही. 'पाहणे' ही क्रिया भाषेने केवळ नेत्रांकडे कधीच सोपविलेली नाही.

परंतु या प्रकरणांचे खरे मोल मोत्यात नाही. स्वप्नात आपण क्वचितच चाचपडतो, कोणी हात धरून नेत नाही, गर्दीच्या रस्त्यातही आपण स्वतंत्र असतो, असे केलरबाई सांगतात. १८८७ पासून ॲन सुलिव्हन यांनी तळहातावर बोटांनी उमटविलेली अक्षरे हेच त्यांचे जगाकडे उघडणारे दार. स्वप्नात त्या अक्षरांचीही गरज क्वचितच भासते, अर्थ थेट मनात उतरतो. येथे कोणत्या इंद्रियाने काय जाणले, ही कट्सफोर्थ यांची कसोटी अपुरी पडते. स्वप्नाने लेखिकेला दृष्टी दिली नाही; जागेपणी ज्याची उणीव पदोपदी जाणवे ते स्वातंत्र्य दिले. ही उणीव कोणत्याही ग्रंथातून उसनी घेता येत नाही.

स्वप्न कोणाचेही असो, ते सांगावे लागते जागेपणीच्या भाषेत, आणि ती भाषा डोळसांनाही इतरांकडूनच मिळालेली असते. मोत्याची झळाळी उसनी असेल. गर्दीतून एकटीने चालत जाणे मात्र केलरबाईंचे स्वतःचे आहे.