चूक कोणी दाखवायची? बालवाडीतील रोजच्या कृतींची एक समीक्षा

प्रास्ताविक

मी यंत्र अभियांत्रिकी शिकवतो. दर वर्षी प्रयोगशाळेत स्प्रिंगचा प्रयोग असतो. स्प्रिंगला वजने लावायची, ती किती ताणली ते पट्टीवर वाचायचे आणि आलेख काढायचा. आलेख सरळ रेषेत येतो हे पुस्तकात छापलेले असते. दर वर्षी काही वह्यांमध्ये सगळे ठिपके रेषेवर तंतोतंत बसलेले दिसतात. हाताने घेतलेली मापे इतकी नेमकी कधीच येत नाहीत. विद्यार्थ्याने आधी रेषा काढलेली असते आणि मग तिच्यावरून आकडे भरलेले असतात. स्प्रिंग समोर टांगलेली असते, पण तिला कोणी विचारत नाही. सगळ्यांचे लक्ष माझ्या लाल पेनाकडे असते.

या सवयीचे मूळ बालवाडीत आहे असा दावा मी करणार नाही. पण या सवयीमागे एक प्रश्न आहे : आपली चूक झाली हे शिकणाऱ्याला कोण सांगते? बालशिक्षणाने या प्रश्नाचा विचार अभियांत्रिकी महाविद्यालयांपेक्षा अधिक बारकाईने केला आहे. म्हणून या टिपणात बालवाडीतील काही रोजच्या कृती घेऊन त्यांची या एका प्रश्नावर परीक्षा करू. मुख्य भर मारिया माँटेसरी (१८७०–१९५२) यांच्या साधनांवर आहे. माँटेसरी डॉक्टर होत्या. ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांचे पहिले बालगृह सुरू झाले. त्यांच्या पद्धतीतील एक कल्पना आपल्या प्रश्नाला थेट भिडते. ती म्हणजे चुकीचे नियंत्रण साधनातच असावे, शिक्षकाच्या तोंडी नसावे.

चार कृती, चार उत्तरे

पहिली कृती दट्ट्यांची. लाकडाच्या लांबट ठोकळ्यात दहा भोके असतात आणि त्यांत बसणारे दहा दट्टे. एका ठोकळ्यात दट्ट्यांची उंची सारखी असते, फक्त जाडी बदलते. मूल सगळे दट्टे बाहेर काढते, मिसळते आणि परत बसवते. जाड दट्ट्या बारीक भोकात जात नाही, ही चूक तिथल्या तिथे कळते. बारीक दट्ट्या मात्र रुंद भोकात सहज जातो. तेव्हा काहीच बिघडलेले दिसत नाही. शेवटी एक जाड दट्ट्या हातात उरतो आणि रिकामे भोक उरते ते बारीक. मग मुलाला मागे जाऊन शोधावे लागते की घोटाळा कुठे झाला. माझ्या मते हा शोधच या साधनाचा खरा धडा आहे.

दुसरी कृती गुलाबी मनोऱ्याची. दहा घन, १ सेंटीमीटर बाजूपासून १० सेंटीमीटरपर्यंत, मोठ्यावर लहान असे रचायचे. बाजू प्रत्येक वेळी एका सेंटीमीटरने वाढते, पण घनफळ १, ८, २७ असे वाढत १००० पर्यंत जाते. सर्वांत मोठा घन सर्वांत लहानाच्या हजारपट जड असतो आणि मुलाच्या हाताला हा फरक कळतो. इथे चूक दाखवणारे भोक नाही. क्रम चुकला तरी मनोरा बहुधा उभा राहतो. चूक दिसते ती डोळ्यांना. म्हणजे दट्ट्यांच्या ठोकळ्यात लाकूड जे काम करत होते ते आता मुलाच्या नजरेने करायचे असते. नियंत्रण वस्तूकडून मुलाकडे सरकते, आणि हा क्रम जाणीवपूर्वक ठेवलेला आहे.

तिसरी कृती पाणी ओतण्याची. एका भांड्यातून दुसऱ्यात पाणी ओतायचे आणि सांडले तर फडक्याने पुसायचे. काच आणि चिनी मातीची खरी भांडी मुलांच्या हाती देण्याचा माँटेसरींचा आग्रह होता. न फुटणारे भांडे पडले तरी काही सांगत नाही. फुटणारे भांडे सांगते.

चौथी कृती देशभर सर्वांत जास्त दिसते : पाटीवर किंवा वहीत अक्षर गिरवणे. इथे चूक फक्त बाईंना दिसते. मूल पान भरते, रांगेत उभे राहते आणि खूण मिळाली की जागेवर जाते. ‘क’ची गोलाई का बिघडली हे त्याला वहीवरून कळत नाही. अक्षर शिकवूच नये असे मी म्हणत नाही. माँटेसरींच्या खरखरीत कागदाच्या अक्षरांवर बोट फिरवताना बोट वळणावरून घसरले की गुळगुळीत पाटा लागतो आणि मुलाला स्वतःलाच कळते. धडा तोच आहे, पण सांगणारा बदलला आहे.

अभियंत्याच्या नजरेतून

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना दट्ट्यांचा ठोकळा ओळखीचा वाटेल. कारखान्यात भोकाचे माप तपासायला ‘गो / नो-गो’ प्लग गेज वापरतात. एक टोक आत गेले पाहिजे, दुसरे जाता कामा नये. गेज कोणाची मर्जी पाहत नाही. पण दोन्हींत एक फरक आहे. गेजचा हेतू माल तपासणे हा असतो, तर दट्ट्यांच्या ठोकळ्याचा हेतू तपासणारा घडवणे हा आहे.

दुसरी तुलना जपानी अभियंते शिगेओ शिंगो यांच्या ‘पोका-योके’शी करता येईल. १९६० च्या दशकात कारखान्यांसाठी मांडलेल्या या कल्पनेत दोन प्रकारच्या योजना येतात : काही चूक होऊच देत नाहीत, तर काही चूक झाल्याची सूचना देतात. सिम कार्डाचा कापलेला कोपरा पहिल्या प्रकारचा. बाजारात मिळणाऱ्या अनेक ‘शैक्षणिक’ खेळण्यांतही हाच प्रकार दिसतो. प्रत्येक तुकड्याला एकच खाच असते आणि शेजारी चित्र छापलेले असते. मूल झटपट ‘बरोबर’ करते आणि पालक खूश होतात. पण जिथे चूक करताच येत नाही तिथे ती शोधायलाही मिळत नाही. दट्ट्यांचा ठोकळा चूक होऊ देतो आणि मग सांगतो. माझ्या दृष्टीने उत्तम आणि सुमार बालसाधन यांतला भेद इथे आहे.

साधन खोटे बोलले तर?

या कल्पनेची एक कमकुवत बाजू मला पुस्तकात नव्हे, वर्कशॉपमध्ये कळली. काही वर्षांपूर्वी आमच्या विद्यार्थ्यांनी जवळच्या एका अंगणवाडीसाठी दट्ट्यांचे ठोकळे बनवले. दट्ट्यांच्या जाडीत अर्ध्या सेंटीमीटरचा फरक ठेवला आणि भोके मोठ्या अभिमानाने अगदी चपखल केली. उन्हाळ्यात सगळे छान बसले. जुलैमध्ये अंगणवाडीताईंचा निरोप आला : “सर, दट्टे अडकतात. मुलं आता त्याला हातच लावत नाहीत.”

लाकूड दमट हवेत फुगते, आणि तंतूंच्या आडव्या दिशेने जास्त फुगते. त्यामुळे गोल दट्ट्या किंचित लंबगोल झाला होता. योग्य दट्ट्या योग्य भोकात जात नव्हता. चार वर्षांच्या मुलीने बरोबर ओळखले होते, आणि साधन तिला ‘चूक’ म्हणत होते. एका मुलीने तो दट्ट्या तीनदा लावून पाहिला आणि मग ताईंकडे पाहत तो दुसऱ्या भोकात टाकून दिला. त्या नजरेत मला माझी प्रयोगशाळा दिसली. साधनावरचा विश्वास उडाला की मूल पुन्हा मोठ्यांच्या चेहऱ्यावर उत्तर शोधू लागते.

आम्ही भोके मोठी केली आणि सुमारे १ मिलिमीटर मोकळीक ठेवली. पुढचा दट्ट्या तरीही ४ मिलिमीटरने जाड ठरत होता, म्हणजे चूक दाखवण्याची क्षमता शाबूत राहिली. टॉलरन्स हा विषय मी अनेक वर्षे शिकवत होतो. तो एखाद्या मुलाच्या आत्मविश्वासाचाही प्रश्न असू शकतो हे मला त्या पावसाळ्यात समजले.

जिथे ही कसोटी पुरत नाही

आता मर्यादांकडे वळू. साधनाने चूक दाखवायची तर बरोबर उत्तर एकच असावे लागते. बालवाडीचा दिवस मात्र तेवढ्यावर संपत नाही. भातुकली, गोष्ट, चित्र, वाळूतले खेळ यांत ‘बरोबर’ काय? अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ विल्यम हर्ड किलपॅट्रिक यांनी १९१४ मध्येच आक्षेप घेतला होता की माँटेसरींची साधने फार बंदिस्त आहेत आणि त्यांत कल्पनाशक्तीला वाव थोडा आहे. हा आक्षेप मला बव्हंशी मान्य आहे.

याबाबत फ्रीड्रिख फ्रोबेल (१७८२–१८५२) अधिक मोकळे वाटतात. ‘किंडरगार्टन’ हे नाव त्यांनी १८४० मध्ये दिले. त्यांच्या साधनांपैकी तिसरे म्हणजे आठ छोट्या घनांत विभागलेला एक लाकडी घन. त्यातून खुर्ची होते, पूल होतो, नक्षी होते. ठोकळे ढासळले तर तोल चुकला एवढे कळते, पण काय रचायचे हे ठोकळे सांगत नाहीत. वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट यांनी लहानपणच्या या ठोकळ्यांचे ऋण पुढे आत्मचरित्रात मान्य केले. मात्र फ्रोबेल यांच्याकडेही बंधने होती : सगळे ठोकळे वापरायचे, आणि आधीची रचना मोडून न टाकता तिच्यातूनच नवी करायची. पूर्ण मोकळीक त्यांनीही दिली नव्हती.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे आणि ती आपल्या देशाशी निगडित आहे. लाकडाला भाषा नसते, त्यामुळे दट्ट्यांचा ठोकळा वारली, गोंडी किंवा तमिळ बोलणाऱ्या मुलाला सारखाच वागवतो. हे त्याचे मोठे बळ. पण वर्ग बोलण्याने चालतो. मूल घरची भाषा बोलते आणि ताई ती प्रमाण भाषेत ‘दुरुस्त’ करते, तेव्हा ताई भाषेला दट्ट्यांच्या ठोकळ्यासारखी वागवत असते, जणू प्रत्येक वस्तूसाठी एकच भोक आहे. घरचा शब्द ही चूक नाही. अशा वेळी चूक दाखवणे थांबवणे हेच शिक्षकाचे काम.

हे महाराष्ट्रात फार पूर्वी ओळखले गेले होते. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी गुजरातमधील गिजुभाई बधेका यांच्यासोबत काम केले, १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र सुरू केले आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडच्या टेकडीवर ते काम नेले. आदिवासी मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवली. महागड्या साधनांच्या जागी बिया, पाने, शंख-शिंपले आले. शुद्ध माँटेसरीवादी याला तडजोड म्हणतील. मला तो साधनाचा पुनर्विचार वाटतो. चिंचोके मोजताना एक उरला तर तोही बोलतो. त्यासाठी परदेशी लाकूड लागत नाही.

कपाट उघडे आहे का?

आज धोरण अनुकूल आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ३ ते ८ वर्षे हा पायाभूत टप्पा मानला, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये याच वयोगटासाठी खेळणी, कोडी, बाहुल्या आणि गोष्टींची पुस्तके असलेली ‘जादुई पिटारा’ ही सामग्री आली. पण साधन मिळाले म्हणजे कृती झाली असे नाही. एका खासगी बालवर्गात मी गुलाबी मनोरा काचेच्या कपाटात, कुलपात पाहिला. “मुलं हरवतात ना,” असे कारण मिळाले. ताईंना दोष देणे सोपे आहे. हरवलेल्या घनाचे पैसे कोण भरणार, पाहणीच्या दिवशी संच अपुरा दिसला तर काय, या भीतीत त्याही कोणाच्या तरी लाल पेनाकडे पाहत असतात. शिक्षकाला चूक करण्याची मुभा नसेल, तर तो ती मुलाला कशी देणार?

निष्कर्ष

माँटेसरींची साधने परिपूर्ण नाहीत. ती कल्पनेला कमी पडतात आणि भाषेच्या बाबतीत काही सांगू शकत नाहीत. पण चूक ही शिक्षा न ठरता माहिती ठरावी, आणि ती मुलाला स्वतःला वाचता यावी, ही त्यांच्यामागची कल्पना शंभर वर्षांनंतरही पक्की आहे. बालवाडीतली कुठलीही कृती पाहताना साहित्य किती महाग आहे किंवा भिंती किती रंगीत आहेत याआधी हे पाहावे : चुकल्यावर मूल कुठे बघते? हातातल्या वस्तूकडे, की बाईंच्या चेहऱ्याकडे?

हाच प्रश्न स्प्रिंगसमोर उभ्या असलेल्या तुमच्यासाठीही आहे.

विचारासाठी प्रश्न

१. तुमच्या परिसरातील अंगणवाडीत किंवा बालवर्गात परवानगी घेऊन एक तास बसा. तीन कृती निवडा आणि प्रत्येकीत चूक कोण दाखवते ते नोंदवा.

२. घरातील टाकाऊ वस्तूंपासून असे साधन बनवा, जे चूक होऊ देते आणि मग ती दाखवते. पावसाळ्यात ते कसे वागेल?

३. प्रयोगशाळेत न जुळलेली मापे तशीच लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला गुण कसे द्यावेत? तुमचे मत कारणांसह मांडा.