‘तहकुबी’ आणि ‘सूट’ : महसुली परिभाषेतील एक हरवलेला भेद

‘महसूल’ ह्या मूळ अरबी शब्दाचा अर्थ ‘हाती आलेले’, म्हणजेच उत्पन्न, असा आहे. शेतातून काहीच हाती आले नाही तर सरकारने काय घ्यावे, हा प्रश्न ह्या शब्दाच्या पोटातच आहे. जुन्या महसुली परिभाषेत त्याची दोन उत्तरे होती. ‘तहकुबी’ म्हणजे वसुली पुढील हंगामावर टाकणे. ‘सूट’ म्हणजे देणे कायमचे सोडणे. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमातही हा भेद आढळतो. सभा तहकूब झाली म्हणजे ती पुन्हा भरणार, हे ज्यास ठाऊक आहे त्यास तहकुबीचा अर्थ निराळा सांगावा लागत नाही.

अलीकडच्या शासननिर्णयांत मात्र हा भेद पुसट झालेला दिसतो. २०२५ च्या अतिवृष्टीनंतर ‘ओला दुष्काळ’ जाहीर करण्याची मागणी झाली, तेव्हा ही संज्ञाच नियमपुस्तिकेत नाही असे उत्तर मिळाले. दुष्काळाच्या सवलती मात्र लागू झाल्या. (परिभाषेने नाकारलेले व्यवहाराने मान्य करावे, हा प्रकार भाषाभ्यासकास नवा नव्हे.) जमीन महसुलात सूट, सहकारी कर्जाचे पुनर्गठन, शेतीकर्जाच्या वसुलीस स्थगिती, परीक्षाशुल्काची माफी, ही सर्व ‘सवलती’ ह्या एकाच मथळ्याखाली येतात. हे शब्द आपापल्या जागी बरोबरच आहेत; दोष मथळ्याचा आहे. सूट व माफी ह्यांनी देणे संपते, स्थगितीने तारीख बदलते, पुनर्गठनाने एका वर्षाचे देणे अनेक वर्षांच्या हप्त्यांत पसरते. त्यातही विपरीत असे की, जेथे देणे खरोखर संपते तो जमीन महसूल आज अल्प आहे. भार कर्जाचा, आणि तेथे केवळ मुदत पुढे जाते.

अकोला-अमरावतीकडील कापूस व सोयाबीन पिकविणाऱ्याच्या वर्षाशी हे ताडून पाहावे. खरिपाची नजरअंदाज पैसेवारी ३० सप्टेंबरला, सुधारित ३१ ऑक्टोबरला आणि अंतिम ३१ डिसेंबरला निघते. तोवर सोयाबीन बहुधा विकले गेलेले असते, कापसाचे पहिले वेचे घरी आलेले असतात आणि त्या पैशाला वाटाही फुटलेल्या असतात. पीककर्जाच्या परतफेडीची तारीख मात्र ३० जून, अमरावतीच्या डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावे असलेली व्याज सवलत योजना ह्याच तारखेशी बांधलेली आहे. ज्याने ‘स्थगिती’ला ‘सूट’ समजून हातचा पैसा लग्नकार्यास किंवा विहिरीस लावला, त्याच्यापुढे पुढच्या जूनमध्ये पेरणीच्या तोंडावर मागचे आणि चालू अशी दोन्ही देणी एकदम उभी राहतात.

१९५७ मध्ये दशमान नाणी आली, तरी वऱ्हाडात ‘आणेवारी’ अजून बोलली जाते. तलाठ्यासही लोक ‘पटवारी’च म्हणतात. जेथे जुने शब्द इतके टिकतात, तेथे ‘तहकुबी’ नव्याने शिकवावी लागणार नाही. आदेशात ती लिहावी लागेल. प्रत्येक सवलतीपुढे देणे संपले की पुढे गेले, पुढे गेले असल्यास कोणत्या तारखेपर्यंत, आणि मधल्या काळाचे व्याज कोणाच्या माथी, एवढे नमूद करण्यास शासननिर्णयाच्या तीन ओळी पुरतील.