एकाच खोगिरावर दोघे

रूपर्ट आयझॅकसन यांचें ‘दि हॉर्स बॉय’ हें इंग्रजी पुस्तक २००९ सालीं प्रसिद्ध झालें, व त्याच सालीं त्याच नांवाचा चित्रपटहि निघाला. दोहोंचा बोलबाला पुष्कळ झाला. परंतु तो ज्या भागामुळें झाला तो भाग आम्हांस दुय्यम वाटतो. आणि ज्या भागाचीं पानें बहुतेक वाचकांनीं भराभर उलटलीं असतील, त्यांतच या पुस्तकाचा प्राण आहे असें आमचें मत आहे.

कथा थोडक्यांत अशी. अमेरिकेंतील टेक्सस प्रांतांत राहणाऱ्या या जोडप्याच्या मुलाला, रोवनला, स्वमग्नता असल्याचें निदान २००४ सालीं झालें. तेव्हां तो तीन वर्षांचाहि नव्हता. शब्द थोडे, आणि तेहि संवादाच्या उपयोगाचे नाहींत, किंचाळणें अनावर, शौचाची शुद्ध नाहीं. बाप लहानपणापासूनचा घोडेस्वार. पण असल्या मुलाला घोड्याजवळ नेण्याची त्याची छाती होईना. एके दिवशीं मुलगाच शेजाऱ्याच्या कुरणांत घुसला आणि घोड्यांच्या पायांशीं जाऊन उताणा पडला. कळपावर सत्ता गाजविणारी बेट्सी नांवाची एक कुमाईत घोडी होती. तिनें मान खालीं घातली, ओठ चाटले, जबडा हालविला. घोड्यांच्या जातींत ही नमतें घेतल्याची खूण समजतात. पुढें बापानें मुलाला आपल्या पुढ्यांत खोगिरावर घेतलें. आणि घोडी चालूं लागली कीं मुलगा बोलूं लागे.

येथून ग्रंथकार आपणांस मंगोलियांत नेतो. २००७ च्या उन्हाळ्यांत तिघे तेथें गेले. प्रथम नऊ शामानांनीं विधि केले, आणि अखेर उत्तरेकडील रेनडियर पाळणाऱ्या लोकांत राहणाऱ्या एका वृद्ध शामानापर्यंत ते पोंचले. शामान म्हणजे आपल्याकडील भगत किंवा देवऋषी यांच्या जवळपासचा मनुष्य. पाश्चात्य वाचकाला यांत अद्भुताचा साक्षात्कार होतो. मराठी वाचकाला तो इतक्या सहजासहजीं होणार नाहीं. अपंग लेंकराला पाठुंगळीस मारून देवस्थान, दर्गा, भगत असे उंबरठे झिजविणारीं आईबापें त्यानें पाहिलेलीं असतात; रिकाम्या हातांनीं परतलेलींहि पाहिलेलीं असतात. म्हणून या प्रकरणांचें वर्णन कितीहि चित्तवेधक असलें तरी आमचें मन तेथें साशंक राहिलें. मुलाची आई क्रिस्टिन नेफ ही मानसशास्त्राची प्राध्यापिका; तिचाहि संशय लेखकानें झांकून ठेवलेला नाहीं, हें त्याच्या प्रामाणिकपणास शोभण्यासारखें आहे.

प्रवासानंतर तीन गोष्टी घडल्या: मुलगा शौचाचें शिकला, त्याचे आकांत ओसरले, आणि त्याला मित्र मिळूं लागले. पहिला मित्र तर वाटेंतच, वाटाड्याच्या मुलाच्या रूपानें मिळाला. श्रेय कोणाचें? शामानाचें, घोड्याचें, वाढत्या वयाचें, कीं सारीं कामें बाजूस सारून रात्रंदिवस मुलाच्या सन्निध राहिलेल्या मातापित्यांचें? एकाच मुलाच्या एकाच प्रवासावरून याचा निवाडा होणें शक्य नाहीं. स्वमग्नता गेली नाहीं असें ग्रंथकार स्वतःच सांगतो. मग उपशीर्षकांत मुलाला बरें करण्याची भाषा कशाला? मुखपृष्ठानें दिलेलें वचन आंतल्या मजकुरानें परत घ्यावें, हा व्यवहार आम्हांस पसंत नाहीं. डेन्मार्कच्या लिझ हार्टेल या बाईचे पाय पोलिओनें गुडघ्यांखालीं लुळे झाले होते. घोड्यावर चढण्या-उतरण्यास तिला दुसऱ्याचा हात लागे. तिनें १९५२ सालीं हेलसिंकीच्या ऑलिंपिक सामन्यांत अश्वशिक्षणाच्या स्पर्धेंत रौप्यपदक मिळविलें. तिचे पाय बरे झाले नव्हते, आणि तसें म्हणण्याची कोणास गरजहि वाटली नाहीं.

आतां त्या खोगिराकडे वळूं. अपंगांना अश्वारोहण शिकविण्याच्या रूढ पद्धतींत मूल एकटें वर असतें. एक मनुष्य लगाम धरून पुढें चालतो व बहुधा दोघे दोन बाजूंस. घोड्याच्या चालीनें स्वाराची कंबर जशी हालते, ती चाल माणसाच्या पावलांच्या चालीशीं जुळणारी असते. म्हणून ज्याला नीट चालतां येत नाहीं त्याच्या अंगाला चालण्याचा अनुभव मिळतो. आयझॅकसननें मात्र मुलाला पुढ्यांत घेऊन स्वतः मागें मांड घातली. बापाची छाती मुलाच्या पाठीला लागलेली, तोंड कानाशीं, आणि दोघांनाहि समोर पाहण्यास एकच वाट. ज्या मुलाला समोरासमोरची दृष्टि सोसत नाहीं, त्याच्याशीं बोलण्यास याहून सोयीची बैठक कोणती? ही सारी प्रकरणें लेखकानें साधेपणानें लिहिलीं आहेत, आणि म्हणूनच तीं मनांत राहतात. यांत धोकाहि आहे. दोघांचा भार एका जनावराच्या पाठीवर पडतो, मूल वर्षागणिक वाढतें, आणि पडलें तर दोघेहि पडतात. म्हणून पुष्कळ शिक्षक या दुहेरी बैठकीविषयीं सावध असतात.

पुढें या कुटुंबानें टेक्ससमध्यें इतर मुलांसाठींहि असें स्थान उघडलें. तेथें मुलाबरोबर आईबाप व भावंडें यांनाहि बोलावीत. आमची खरी तक्रार येथेंच आहे. अशी संस्था घरच्या माणसांनीं चालवावयाची म्हणजे काय, हें ग्रंथकारानें आम्हांस पोटभर सांगावयास हवें होतें. मूल आलें नाहीं तरी घोड्याला चारा लागतोच, खरारा लागतोच. मुलाच्या किंकाळीनें न बुजणारें जनावर बाजारांत तयार मिळत नाहीं. आणि घरच्या मुलासाठीं सुरू केलेल्या कामांत परक्या मुलांची रांग लागली म्हणजे घरच्या मुलाच्या वांट्याला बाप किती उरतो? २०१४ सालीं आलेल्या ‘दि लाँग राइड होम’ या दुसऱ्या पुस्तकांतहि पुन्हां दूरदूरच्या वैदूंकडील यात्राच पुढें आहेत आणि तबेला मागें.

आणखी एक टोंचणी राहते. मुलाच्या मळलेल्या कपड्यांचें वर्णन बापानें जगापुढें मांडलें. मुलाला विचारण्याची सोय तेव्हां नव्हती. लेखणी प्रेमानें चालली आहे यांत शंका नाहीं, परंतु हीं पानें वाचतांना आम्हांस अनेकदां अवघडल्यासारखें झालें. तरीहि पुस्तक वाचावें. मंगोलियाचा भाग एकदां वाचला तरी पुरे. बेट्सीचा दोनदां वाचावा.