न पाहिलेल्या टकरींची चित्रे

भौतिकशास्त्रज्ञांची काही चित्रे वर्तमानपत्रांतून आता आपल्या घराघरांत आली आहेत. काळ्या पार्श्वभूमीवर एका बिंदूतून उसळलेल्या पिवळ्या वक्र रेषा आणि भोवती तांबडे-हिरवे मनोरे. मुले पाहतात आणि म्हणतात, 'भुईनळा!' मुलांचे काही चुकत नाही. चुकते ते त्याखाली 'छायाचित्र' असे छापणाऱ्या थोरांचे.

छायाचित्रांचा काळही होऊन गेला. १९५२ साली डोनाल्ड ग्लेसर यांनी बुडबुड्यांची कोठी शोधून काढली. तिच्यातील द्रवातून कण गेला की त्याच्या वाटेवर बुडबुडे उमटत, आणि कॅमेरा ते टिपून घेई. आज जिनिव्हानजीकच्या सर्न संस्थेत २७ किलोमीटर घेराच्या भुयारातील यंत्रात प्रोटॉनांच्या टकरी घडवतात, त्या मात्र कोणी पाहत नाही. उडालेले कण भोवतीच्या उपकरणांत विजेचे सूक्ष्म संकेत मागे ठेवून जातात, आणि त्या ठिपक्यांवरून संगणक वाट जुळवतो. चुंबकाच्या प्रभावाने विद्युतभारित कणाची वाट वाकते. वेग आणि वस्तुमान मिळून होणारा त्याचा जोर जितका कमी, तितका बाक अधिक. मनोऱ्याची उंची म्हणजे तेथे जमा झालेली ऊर्जा. रंग तेवढे माणसाने दिलेले. तेव्हा हे चित्र नुसते पाहायचे नव्हे, वाचायचे आहे.

आणि वाचताना एक भेद विसरता कामा नये. या प्रयोगांपैकी सीएमएस या प्रयोगाचे १९९७ सालचे एक चित्र फार प्रसिद्ध आहे. हिग्ज कण निर्माण होऊन फुटला तर काय दिसेल, ते त्यात दाखवले आहे. त्या वेळी तो कण कोणाला सापडलेला नव्हता, यंत्रही तयार नव्हते. संगणकाला निसर्गाचे ज्ञात नियम सांगायचे आणि फासे टाकावेत तशा टकरी कल्पायच्या, अशी ही रीत. हे कादंबरीकाराचेच काम. पण आमच्यापेक्षा कडक. कारण या कल्पित टकरी पुढे खऱ्या मोजमापांशी ताडल्या जातात, आणि जुळल्या नाहीत तर कथानकच बदलावे लागते.

४ जुलै २०१२ रोजी नवा कण सापडल्याची घोषणा झाली. त्या वर्षीच्या सीएमएसच्या एका चित्रात, जे खरोखर नोंदलेल्या टकरीचे आहे, दोन हिरवे मनोरे आणि त्यांच्याकडे जाणाऱ्या दोन तुटक पिवळ्या रेषा आहेत. त्या तुटक का? प्रकाशकणाला विद्युतभार नाही, म्हणून तो वाटेवर खूण ठेवत नाही. ती रेषा अनुमानाची आहे. ती सलग न काढण्यात मला मोठा प्रामाणिकपणा दिसतो. शिवाय ही टक्कर हिग्जवाचून, नेहमीच्या प्रक्रियेतूनही घडलेली असू शकेल, असे प्रयोगकर्त्यांनीच चित्राखाली सांगून ठेवले. पुरावा एका चित्रात नसतो; असंख्य टकरींच्या हिशेबात असतो.

ही प्रांजळ तळटीप आपल्याकडे येईतो गळून पडते आणि उरतो तो नुसता भुईनळा. सीएमएसच्या कामात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचाही वाटा आहे. मराठी वाचकाला हा विषय परका नाही. संपादकांकडे मागणे एवढेच, की अशा प्रत्येक चित्राखाली 'कल्पित' किंवा 'नोंदलेले' हा एक शब्द अवश्य छापावा. त्याने शोभा उणावणार नाही, आणि शाळेतल्या पोरांना कल्पनेचा व पुराव्याचा मान निरनिराळा असतो, हे आपसूक कळेल.