गोव्याचं नाव, उत्तराखंडचा कायदा

सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे नंतर गैरसमज नको. मी समान नागरी कायद्याच्या बाजूचा माणूस आहे, आणि आजचा नाही. 18 एप्रिल 1966 ला हमीद दलवाईंनी सात मुस्लिम स्त्रियांना घेऊन मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला होता. सात. त्या वेळी लोक हसले. आज समान कायद्याच्या नावाने सभा गाजवणाऱ्यांपैकी किती जणांना तो मोर्चा आठवतो, हा प्रश्न बाजूला ठेवू. त्यामुळे 27 जानेवारी 2025 ला उत्तराखंडात संहिता लागू झाली तेव्हा मला आनंद झाला होता. मग मी ती वाचायला बसलो.

आपल्याकडे पद्धत अशी की कायदा कुणी आणला ते बघायचं आणि टाळ्या वाजवायच्या किंवा निषेध करायचा. वाचायचं काम वकिलांचं! पण ज्याला कुटुंबसंस्था टिकावी असं वाटतं, त्याने तरी हा कायदा वाचलाच पाहिजे. कारण भाषणांत नाव घेतलं जातं गोव्याचं. गोव्यात चालतं, मग देशात का नाही? बरोबर आहे. पण गोव्यात नेमकं काय चालतं?

गोव्यातला कायदा पोर्तुगिजांच्या 1867 च्या नागरी संहितेतून आला. 1961 ला गोवा मुक्त झाला, आणि पुढच्याच वर्षी संसदेने कायदा करून तिथले जुने कायदे चालू ठेवले. आता वारसाहक्काचा भाग तिथल्या विधानसभेच्या 2012 च्या कायद्यात आहे. लग्न सरकारी नोंदणीने होतं. गोव्याची मंडळी सरळ ‘पहिली सही’ आणि ‘दुसरी सही’ असंच म्हणतात. आणि दुसरी सही झाली की, आधी वेगळा करार केला नसेल तर, दोघांची मालमत्ता एक होते. निम्मी तिची, निम्मी त्याची. बायकोच्या संमतीशिवाय नवऱ्याला घर विकता येत नाही. अहो, 1961 च्या आयकर कायद्यातसुद्धा यासाठी 5अ हे खास कलम घालावं लागलं. पगार सोडून बाकीचं उत्पन्न तिथे नवराबायकोत निम्मं-निम्मं धरतात.

आता मृत्युपत्र. समजा घर एक कोटीचं आहे. पन्नास लाख आधीच बायकोचे. उरलेल्या पन्नासातले पंचवीस मुलांचे, त्यांना हात लावता येत नाही. बापाला मनासारखं वाटायला उरतात पंचवीस. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयात असंच प्रकरण आलं. मूळच्या गोव्याच्या एका गृहस्थाने मुंबईतली मालमत्ता मृत्युपत्राने धाकट्या मुलीला दिली होती. मालमत्ता मुंबईतली, मग कायदा कुठला? न्यायालय म्हणालं, माणूस गोव्याचा, म्हणून गोव्याचाच.

मी याला खरी परंपरावादी व्यवस्था म्हणतो. घर हे एकट्या कमावत्या पुरुषाचं नसतं, हे तिथे कायद्याने मानलंय. उत्तराखंडच्या संहितेत मात्र वडिलोपार्जित आणि स्वकष्टार्जित हा भेदच ठेवलेला नाही आणि मृत्युपत्राचं स्वातंत्र्य पूर्ण आहे. म्हणजे बापाने ठरवलं, तर मुलीला एक रुपया न देता सगळं मुलाला. किंवा सगळं कुठल्या तरी बाबाच्या मठाला! (हशा) हसू नका, अशी उदाहरणं प्रत्येकाच्या गावात आहेत.

मृत्युपत्र नसेल तेव्हा मुलगा-मुलगी समान आहेत, आईबरोबर वडीलही पहिल्या वर्गाचे वारस आहेत. चांगलं आहे, त्याचं श्रेय दिलंच पाहिजे. पण महाराष्ट्रात 1994 पासून मुलीला वडिलोपार्जितात वाटा आहे, तरी काय होतं? माझ्या आत्याने हक्कसोडपत्रावर सही केली तेव्हा मी कॉलेजात होतो. दुय्यम निबंधकाच्या कचेरीबाहेर आम्ही चहा प्यायलो. तिला एक साडी घेतली. माहेर तुटू नये म्हणून तिने सही केली, आणि आमच्या घरात कुणाला त्यात काही चुकीचं वाटलं नाही. मलाही नाही. गोव्यातही भावासाठी हक्क सोडणाऱ्या बहिणी आहेत. कायद्याने सगळं सुटतं असं मी म्हणत नाही. पण तिथे निदान बापाला एका कागदाने मुलीला घराबाहेर काढता येत नाही.

गोव्याचं सगळं गोड नाही. एका घराला पंधरा-वीस वारस, अर्धे परदेशात, आणि दाराला कुलूप. छप्पर कोसळेपर्यंत सह्या जमत नाहीत. 1880 च्या हुकुमात हिंदू पुरुषाला काही अटींवर दुसऱ्या लग्नाची मुभाही होती. ती कुणी वापरत नाही, पण ‘समान’ शब्दाला डाग आहेच. उत्तराखंडनेही अनुसूचित जमातींना वगळलंय.

आता लिव्ह-इन. यावर आमच्या बाजूचे लोक सगळ्यात खूश आहेत, आणि मला इथेच जास्त काळजी वाटते. महिन्याभरात नोंदणी करा, नाहीतर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड. एकवीसच्या आतले असतील तर आईवडिलांना कळवणार. नोंदीची माहिती पोलीस ठाण्यात. वरवर पाहता संस्कृतिरक्षण वाटतं. पण बघा, नोंद झाली, मूल झालं तर ते औरस, सोडून दिलं तर स्त्रीला पोटगी मागता येते. मग लग्नात वेगळं काय उरलं? लग्नात दोन घरं चारचौघांसमोर जबाबदारी घेतात. इथे सरकारनेच लग्नाची एक स्वस्त आवृत्ती काढली, आणि वर पोलिसाला वडीलधाऱ्याच्या खुर्चीत बसवलं. ज्या स्त्रीला फसवलं गेलं तिला पोटगी मिळालीच पाहिजे, त्यासाठी न्यायालय आहे. पण मुलगी कुणाबरोबर राहते हे आईबापांना सरकारी पत्रातून कळणार असेल, तर त्या घरात आधीच बरंच काही बिघडलंय. ते हवालदार दुरुस्त करणार नाही.

गुजरातनेही फेब्रुवारी 2025 मध्ये समिती नेमली, आणि अध्यक्ष त्याच, निवृत्त न्यायमूर्ती रंजना देसाई. उद्या महाराष्ट्रात मसुदा आला तर तुम्ही आधी मृत्युपत्राचं कलम उघडा. मुलांचा राखीव वाटा आहे का, आणि राहतं घर विकायला बायकोची सही लागते का, एवढं बघा. नसेल तर त्या भाषणात गोव्याचं नाव घेणाऱ्याला तिथेच थांबवून विचारा.